मुलीच्या हेडफोनमधला आरडाओरडा: आईबापांनी कुठवर बोलायचं?

अनवट (धागाकर्ती)

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. वर्षभरापासून ती मेटल ऐकते. साधं रॉक म्हणतात ते नव्हे. यात गायक गुरगुरतो, शब्द कळत नाहीत आणि ड्रम इतके जलद वाजतात की ठोके सुटे ऐकू येत नाहीत. सगळे टीशर्ट काळे झालेत. वहीच्या मागच्या पानावर बँडची नावं त्या काटेरी अक्षरांत काढलेली असतात.

घरात एकमत नाही. नवऱ्याला हे बंद व्हायला हवंय. सासूबाई म्हणतात, वयाचा गुण आहे, निवळेल. मला स्वतःला ते संगीत आवडत नाही आणि पुढेही आवडेल असं वाटत नाही. पण मुलीचा अभ्यास ठीक आहे, झोप ठीक आहे, मैत्रिणी आहेत, धाकट्या भावाशी नीट वागते. मग बंदी कशाच्या नावावर घालायची, हे मला सुचत नाही.

मागच्या आठवड्यात जेवताना नवरा म्हणाला, "हे संगीत नाही, हा आजार आहे." ती काही बोलली नाही. ताट उचललं आणि आत गेली. पूर्वी काही नवीन सापडलं की स्वयंपाकघरात येऊन माझ्या एका कानात इअरफोन खुपसायची, "हे ऐक, फक्त मधला तुकडा ऐक" म्हणायची. आता ते थांबलंय. त्या गाण्यांपेक्षा मला हे जास्त लागलंय.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा. काय बोललात, काय सोडून दिलंत, कुठे ठाम राहिलात? "वय आहे, जाऊ दे" एवढंच सांगायचं असेल तर ते सासूबाई रोज सांगतात.

---

शांतिप्रिय

दोन मुलगे आहेत, सोळा आणि तेरा. आमच्या घरी नियम स्पष्ट आहे. शिव्या, नशेचं कौतुक आणि बायकांबद्दल घाणेरडं बोलणं असलेली गाणी चालणार नाहीत. पोटात काय जातंय यावर आपण लक्ष ठेवतो, मग कानात काय जातंय यावर का नको? मुलांना राग येतो, येऊ दे. सगळ्याच गोष्टींत मुलांचा मित्र होण्याची हौस मला नाही.

तुमच्या यजमानांनी "आजार" हा शब्द वापरायला नको होता, हे मान्य. पण त्यांची काळजी खरी आहे. ती उडवून लावू नका.

---

जुनीकॅसेट

संगीताच्या इतिहासाचं वेड असल्यामुळे थोडं मागचं सांगतो.

1816 साली लंडनच्या टाइम्स वृत्तपत्राने वॉल्ट्झ या नाचाला असभ्य ठरवून आईबापांना इशारा दिला होता, मुलींना यापासून दूर ठेवा म्हणून. तोच वॉल्ट्झ आज शिष्टाचाराचा नमुना मानतात. 1921 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या महिला मासिकाने जॅझमुळे तरुण पिढीची नीतिमत्ता बिघडते असा लेख छापला. जानेवारी 1957 मध्ये रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्ली टीव्हीवर गायला तेव्हा त्याचं कंबर हलवणं दिसू नये म्हणून कॅमेरा मुद्दाम कमरेच्या वर ठेवला होता. आपल्याकडे 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली, कारण काय, तर त्या गाण्यांनी अभिरुची बिघडते. लोकांनी काय केलं? सुई हीच गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनवर नेली. शेवटी ऑक्टोबर 1957 मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. ज्या गाण्यांनी अभिरुची बिघडणार होती ती आज आपण "काय ती जुनी गाणी" म्हणून मुलांना ऐकवतो.

आणि आज ज्याला घरंदाज संगीत म्हणतो त्यासाठीही मुलांनी घरं सोडली आहेत. पंडित भीमसेन जोशी 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून पळून गेले होते.

या सगळ्या तक्रारींत मला सारखी एकच गोष्ट दिसते. हा गोंगाट आहे, यात शरीर फार आहे आणि हे ऐकणारी माणसं आपल्यातली नाहीत. गाणं बदलतं, तक्रार तीच राहते.

---

शांतिप्रिय

जुनीकॅसेट, माहिती छान आहे, पण तिने माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. वॉल्ट्झबद्दलची भीती खोटी ठरली म्हणून माझी भीतीही खोटी, हा तर्क बसत नाही. प्रत्येक गाणं वेगळं तपासावं लागेल. मी थोरल्याच्या फोनवरच्या एका रॅप गाण्याचे शब्द पूर्ण वाचले. त्यात बाई म्हणजे वस्तू आहे, शेवटपर्यंत वस्तूच आहे. ते वाचून मला जो राग आला तो पिढीच्या फरकाचा नव्हता.

---

जुनीकॅसेट

हे अगदी बरोबर बोललात आणि इथे मी तुमच्या बाजूला आहे. "ऐकवत नाही" आणि "यात जे म्हटलंय ते मला अमान्य आहे" या दोन तक्रारी निरनिराळ्या आहेत. घराघरांत त्या एकाच वाक्यात बोलल्या जातात, म्हणून मुलं दोन्ही एकदम फेकून देतात. ताल कर्कश आहे म्हणून ओरडणाऱ्या बापाने उद्या शब्दांबद्दल खरी हरकत घेतली, तरी मुलाला तेच जुनं पालुपद वाटतं.

---

रात्रपाळी

मी एकोणीसचा आहे. चौदाव्या वर्षापासून मेटल ऐकतो, म्हणून तुमच्या मुलीच्या बाजूने लिहितो. ताई, राग मानू नका.

माझ्या बाबांनी कधी बंदी घातली नाही. ते नक्कल करायचे. पाहुणे आले की "आमचे चिरंजीव हे ऐकतात" म्हणून घशातून आवाज काढून दाखवायचे आणि सगळे हसायचे. बंदी असती तर मी भांडलो असतो. हसण्याशी भांडता येत नाही. मी फक्त सांगणं बंद केलं. आधी गाण्यांबद्दल, मग शाळेबद्दल, मग बाकी सगळ्याबद्दल. एक गोष्ट लपवायची सवय लागली की दुसरी लपवणं सोपं जातं.

यात नेमकं काय मिळतं ते सांगायचा प्रयत्न करतो. राग आलेला असताना शांत गाणं लावलं की मला वाटतं कुणीतरी "गप्प बस" म्हणतंय. मोठ्या आवाजाचं, जलद गाणं लावलं की वाटतं, बरं, हे कुणालातरी माहीत आहे. दोन-तीन गाण्यांत राग उतरतो. बाहेरून बघणाऱ्याला उलटं दिसतं, की गाणं ऐकून मुलगा चिडलेला आहे. मुलगा आधीच चिडलेला असतो.

आणि काळे कपडे हा गणवेश आहे. त्यातून कळतं की समोरचा आपल्यातला आहे. शाळेत कुणी तसा टीशर्ट घातलेला दिसला की अनोळखी मुलाशीही बोलता येतं. मी फारसा बोलका नव्हतो, माझ्या दोन्ही जवळच्या मैत्र्या अशाच झाल्या.

---

पाणवठा

रात्रपाळी, तू रागाबद्दल लिहिलंस त्याला आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेटल आणि तशाच टोकाच्या संगीताच्या 39 श्रोत्यांना, वय 18 ते 34, आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग काहींनी आपलं आवडतं संगीत ऐकलं, काही शांत बसले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांइतकेच तेही निवळले, शिवाय उत्साह वाटला असं त्यांनी सांगितलं. माणसं थोडी होती आणि सगळी आधीपासूनची चाहती होती, त्यामुळे "मेटल सगळ्यांना शांत करतं" असा अर्थ काढू नये. पण "हे ऐकून मूल हिंसक होईल" या भीतीला त्यातून दुजोरा मिळत नाही.

आता माझं. माझा मुलगा सोळाचा असताना फार काळोखी, खिन्न गाणी ऐकायचा. त्याच सुमारास तो खरंच बरा नव्हता. घरात सगळ्यांचं बोट गाण्यांकडे होतं. आम्हाला सावध केलं ते दुसऱ्याच गोष्टींनी. रात्री तीनला दिवा चालू, जेवण अर्धवट, फुटबॉल सोडलं, आणि ज्या मित्राशी रोज बोलायचा त्याचे फोन उचलेना. आम्ही समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत त्याला विचारलं, "तुझ्या यादीतलं कुठलं गाणं तुझ्याबद्दल आहे असं वाटतं?" तो त्यावर जेवढं बोलला तेवढं आमच्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. गाण्याने त्याला आजारी पाडलं नव्हतं. त्याला जे सांगता येत नव्हतं ते त्या गाण्यांत सांगितलेलं होतं.

आज तो बरा आहे आणि गाणी तीच ऐकतो.

म्हणून अनवट, तुम्ही लिहिलंत की झोप, मैत्रिणी, अभ्यास ठीक आहे. तेच बघत राहा. त्यात बदल दिसला तर उशीर करू नका, गाणी कुठलीही असोत. गोड प्रेमगीतं ऐकणारी मुलंही आतून खचलेली असतात, त्यांच्याकडे मात्र कुणी वळून बघत नाही.

---

कानसेन

माझं काम कानांच्या तपासणीचं आहे, त्यामुळे धाग्याचं शीर्षक वाचून आलो. सगळे शब्दांवर बोलताहेत, आवाजाच्या पातळीवर कुणीच नाही, आणि आईबापांनी ठाम राहायची खरी जागा तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित धरतात. लहान मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याचे जेमतेम 4 तास. फोन पूर्ण आवाजावर ठेवून इअरफोन लावले तर पातळी 100 च्याही पुढे जाऊ शकते, तिथे सुरक्षित वेळ मिनिटांत मोजतात. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

कानाला मेटल आणि भजन यांत फरक कळत नाही, पातळी आणि वेळ कळते.

घरी करण्यासारखं: फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालता येते, ती घाला, आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनला घाला, फक्त तिच्या नको. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन परवडत असतील तर घ्या. रहदारीत किंवा प्रवासात मुलं आवाज वाढवतात ते बाहेरच्या गोंगाटावर मात करायला, ती गरज राहत नाही. ऐकून झाल्यावर कानात शिटी वाजल्यासारखं होतं का, हे तिला विचारा. होत असेल तर तो पहिला इशारा समजा. आणि हा नियम सांगताना संगीताबद्दल एक अक्षर बोलू नका, नाहीतर तिला वाटेल की कानाचं निमित्त करून पुन्हा तेच चाललंय.

---

अनवट

कानसेन, फार उपयोगाचं. सगळ्यांच्या फोनला मर्यादा, हे नवऱ्यालाही पटेल. तो स्वतः बातम्या भिंती हलतील इतक्या मोठ्याने लावतो.

रात्रपाळी, नक्कल करण्याबद्दल लिहिलंस ते मी त्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला. पुढे काय ते बघू.

---

मंद्र

मी गाणं शिकवते, शास्त्रीय. माझ्याकडे शिकणारा एक मुलगा घरी जाऊन मेटल बँडमध्ये गातो. सुरुवातीला मला गळ्याची धास्ती वाटली, म्हणून त्याला समोर बसवून "कसं करतोस ते दाखव" म्हटलं.

ज्यांना ते नुसतं ओरडणं वाटतं त्यांच्यासाठी सांगते. आपल्या स्वरतंतूंच्या जरा वर पडद्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना आणि गाताना ती सहसा बाजूलाच असते. तो गुरगुरणारा आवाज काढताना ती जोडी जवळ आणून हवेच्या दाबाने थरथरवतात. रशियातल्या तुवा प्रांतातले लोकगायक कार्गिरा नावाच्या खर्ज गायकीत हेच पडदे वापरतात, आणि ती गायकी ऐकायला जगभरचे संगीतज्ञ जातात. जमवून केलं तर घशावर ताण पडू नये. माझ्या विद्यार्थ्याने दाखवलं तेव्हा मान सैल होती, खांदे खाली, श्वास पोटातून. माझ्या वर्गात जे सांगून सांगून मी थकते ते सगळं तिथे होतं. चुकीचं केलं तर मात्र घसा बसतो, हेही खरं. तुमची मुलगी स्वतः गायला लागली आणि दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा येत असेल तर थांबवा आणि शिकवणारं माणूस शोधा.

तुम्हाला ऐकायचं असेल तर माझी एक युक्ती. शब्दांच्या आणि गायकाच्या मागे लागू नका. पहिल्यांदा फक्त ड्रम ऐका. दोन्ही पायांनी वाजणारा खालचा ड्रम आणि हातांचा ताल वेगळे काढता येतात का बघा. दुसऱ्यांदा फक्त गिटार. ते चक्र किती मात्रांनी परत येतं ते मोजा. अनेकदा ते सरळ चारात बसत नाही, सातात, अकरात जातं. मोजायला लागलं की गोंगाट उलगडतो. आवडेलच असं नाही, पण "यात काही नाही" असं म्हणवणार नाही.

तुमच्या यजमानांना टोनी आयोमीची हकीकत सांगा. मेटलच्या अगदी सुरुवातीच्या बँडपैकी एक, ब्लॅक सॅबथ, त्याचा गिटारवादक. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, जो आगीत दोन बोटं निकामी होऊनही वाजवायचा. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा ढिल्या करून स्वर खाली आणला. फेब्रुवारी 1970 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली. मेटलचा तो जड, खोल आवाज घडण्यात त्या जखमी हाताचा मोठा वाटा आहे. ज्याला ते आजार म्हणाले, त्याच्या मुळाशी एका कामगार पोराने न सोडलेली जिद्द आहे.

---

उलटीगंगा

आमच्याकडे बरोबर उलटं आहे, म्हणून लिहितो. मी कॉलेजपासूनचा मेटलवाला. घरात गिटार आहेत, भिंतभर रेकॉर्ड आहेत. मुलगी बारा वर्षांची, आणि तिला आवडतं कोरियन पॉप. चकचकीत कपडे, एकसारखा नाच, आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे संगणकाने सूर नीट करणं. माझ्या पोटात जे तुटतं ते तुमच्या यजमानांच्या पोटात तुटणाऱ्यापेक्षा वेगळं नसावं. मी जे जपलं ते हिला नको आहे, हे ते दुःख. मुलीच्या बंडाला कर्कश असण्याची गरज नसते. बापाच्या घरात जे नाही ते पुरतं.

तिने मला काय काय शिकवलं ते सांगतो. ऑटोट्यून 1997 मध्ये ज्याने आणलं तो अँडी हिल्डब्रँड आधी तेलशोधाच्या क्षेत्रात भूकंपीय लहरींच्या विश्लेषणावर काम करायचा, तेच गणित त्याने आवाजाला लावलं. आणि कोरियात 1992 साली सिओ ताइजी आणि त्याचे साथीदार टीव्हीच्या स्पर्धेत रॅप आणि नाच घेऊन आले तेव्हा परीक्षकांनी त्यांना सगळ्यांत कमी गुण दिले. मोठ्यांना ते संगीतच वाटलं नाही. पोरांनी ते डोक्यावर घेतलं, आणि आजचं सगळं कोरियन पॉप त्या वाटेने आलं. हे सांगताना ती ज्या आवेशात होती, तो मी ओळखला. मी सोळाव्या वर्षी असाच बोलायचो.

मला अजूनही ती गाणी आवडत नाहीत. ती मला विचारते, मी खरं सांगतो: "चाल बरी आहे, आवाजावर फार रंगसफेदी आहे." ती वाद घालते. तो वाद मला हवा आहे.

---

उंबरठा

शांतिप्रिय, तुमच्या रॅपच्या मुद्द्यावर कुणी नीट बोललं नाही, म्हणून मी.

माझ्या मुलाकडेही तशी गाणी होती. मी त्याला बोलावलं, शब्द उघडले आणि एक कडवं शांतपणे, बोलल्यासारखं वाचून दाखवलं. चालीशिवाय. तो खाली बघायला लागला. म्हणाला, "आई, शब्द कोण ऐकतं, ताल भारी आहे." मी म्हटलं, "ताल भारी आहे, मान्य. हे शब्द मला दुखावतात, कारण ते माझ्याबद्दल आणि तुझ्या बहिणीबद्दल आहेत. तू काय ऐकायचंस ते मी तुझ्या कानात येऊन ठरवू शकत नाही. पण ज्या खोलीत आम्ही दोघी आहोत तिथे हे वाजणार नाही." एवढंच. त्याने वाद घातला नाही. काही दिवसांनी गाडीत त्याची यादी लागली होती, त्यात ते गाणं नव्हतं. फोनमध्ये असेल, मी तपासलं नाही.

आणि रॅप म्हणजे तेवढंच नव्हे, हे मला त्यानेच दाखवलं. 2018 साली संगीताचं पुलित्झर पारितोषिक केंड्रिक लमार या रॅपरला मिळालं. तोवर ते पाश्चात्त्य शास्त्रीय आणि जॅझ सोडून कुणाला मिळालं नव्हतं. मुलाने त्याच्या काही ओळी मला समजावून सांगितल्या, कुठे यमक आत दडलंय, कुठे बोलणारं पात्र बदलतं. शब्द कोण ऐकतं म्हणणारा हाच मुलगा.

---

जुनीकॅसेट

उंबरठा, "शब्द आधी वाचा" यावर एक घडलेली गोष्ट.

1985 मध्ये अमेरिकेत सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि इतर काही आयांनी मिळून एक गट काढला. मुलीसाठी आणलेल्या पॉप गायक प्रिन्सच्या रेकॉर्डमधलं एक गाणं ऐकून टिपर हादरल्या होत्या. त्यांची काळजी खरीच होती. प्रकरण सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं आणि त्यातून रेकॉर्डवर पालकांसाठी सूचनेचा शिक्का लावायची पद्धत आली. त्या सुनावणीत ट्विस्टेड सिस्टर बँडचा डी स्नायडर साक्षीला आला. त्याच्या एका गाण्यात हिंसक लैंगिकता आहे असा आरोप होता. त्याने सांगितलं की ते गाणं बँडमधल्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेवर आहे, चाकूखाली जाण्याच्या भीतीवर. लोकसंगीताच्या ढंगात गाणाऱ्या जॉन डेन्व्हरनेही साक्ष दिली. त्याच्या डोंगर आणि आकाशावरच्या गाण्यावर काही रेडिओ केंद्रांनी नशेचं गाणं समजून बंदी घातली होती.

दोन वर्षांनी, 1987 मध्ये, मेरी मोरेलो या शिक्षिकेने पालकांचीच दुसरी संघटना काढली. नाव "पेरेंट्स फॉर रॉक अँड रॅप". मुलांच्या संगीतावरच्या सेन्सॉरशिपला विरोध करायला. त्यांचा मुलगा टॉम पुढे रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडचा गिटारवादक झाला.

मला या दोन्ही बायकांबद्दल आदर आहे. दोघींनी मुलांचं संगीत कान देऊन ऐकलं होतं. फारच थोडे आईबाप तेवढं करतात.

---

शांतिप्रिय

उंबरठा, "ज्या खोलीत आम्ही आहोत तिथे नाही" हे मला पटलं. माझा नियम कानातही आहे, आणि तो मला पाळून घेता येत नाही हे दिसतंच आहे. पण धाकट्यासाठी मी तो सोडणार नाही. तेरा आणि सोळा यांत फरक आहे. तेराव्या वर्षी मूल ताल आणि शब्द वेगळे करू शकतं असं मला वाटत नाही, आणि यावर इथे कुणी काही म्हटलं तरी मी ठाम आहे.

---

पाणवठा

तेराच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे. थोरल्याला मात्र त्याची यादी तुम्हाला दाखवण्याची भीती वाटू नये, एवढं बघा.

---

अनवट

सगळ्यांचे आभार. इकडची हालहवाल.

फोनची मर्यादा सगळ्यांनी घातली. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर संगीताचा विषय काढायचा नाही असं आपणहून ठरवलं. आयोमीची गोष्ट त्याने शोधून वाचली. मुलीला काही म्हणाला नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या टीशर्टकडे बघून "हेच का ते टोपणवाले?" असं विचारलं. ते दुसराच बँड निघाले. तिने उत्तर दिलं, तेही पूर्ण वाक्यात.

मी तिला म्हटलं, एखादं ऐकव. ती म्हणाली, "तुला आवडत नाही, मग कशाला?" मी म्हटलं, "आवडत नाही, पण मोजायला शिकतेय." तिने खांदे उडवले. अजून ऐकवलेलं नाही. मी आग्रह धरला नाही.

आता नवाच प्रश्न आला आहे. तिच्या आवडत्या बँडचा कार्यक्रम आहे, रात्रीचा, मोठ्या मैदानात, आणि तिला दोन मैत्रिणींबरोबर जायचंय. मुलं एकमेकांवर आपटतात असे व्हिडिओ बघून माझा जीव घाबरा झालाय. काय करू?

---

रात्रपाळी

ताई, त्याला मॉश पिट म्हणतात. ते मंचासमोर मधोमध होतं, सगळ्या मैदानात नाही. त्यात पडलेल्याला आधी उचलायचं हा अलिखित नियम आहे, आणि मी गेलोय तिथे तो पाळलेला बघितलाय. तरी धक्के जोराचे बसतात, पंधराव्या वर्षी पहिल्याच वेळी आत जाऊ नये. बाजूला, आवाज नियंत्रण करणाऱ्या टेबलाजवळ उभं राहिलं तर मोकळी जागा मिळते आणि आवाजही तिथेच सगळ्यांत चांगला येतो. हे तुम्ही सांगण्यापेक्षा तिला माझा प्रतिसाद वाचायला द्या. बूट घट्ट, चष्मा असेल तर दोरीने बांधलेला, पाणी प्यायचं, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरताना ठरवायचं.

---

कानसेन

कानात बोळे घालूनच पाठवा. संगीतासाठीचे खास बोळे मिळतात, ते सगळ्या स्वरांचा आवाज सारखा खाली आणतात, त्यामुळे गाणं बोजड होत नाही. कापूस चालणार नाही. भोंग्यांच्या समोर उभं राहायचं नाही, आणि दोन बँडच्या मधल्या वेळेत बाहेर येऊन कानांना विश्रांती द्यायची. तुम्ही गेलात तर तुम्हीही घाला.

---

शांतिप्रिय

पंधरा वर्षांच्या मुलींना रात्रीच्या कार्यक्रमाला एकटं सोडू नका, हे मी मेटल नसतं तरी म्हटलं असतं. आयोजकांची वयाची अट आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी मोठं माणूस बरोबर लागतंच. यजमानांना पाठवा. मागे उभे राहतील, मुलींना दिसणार नाहीत, सुटताना दारात असतील.

---

अनवट

वयाची अट बघितली, मोठं माणूस बरोबर हवंय. नवरा तयार झाला, बोळे घालून. मुलीला सांगितलं तेव्हा आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाली, "बाबा येणार असतील तर त्यांना आधी दोन रेकॉर्ड तरी ऐकायला लागतील." यादी करून त्याला पाठवली आहे, प्रत्येक गाण्यापुढे कुठल्या मिनिटाला काय ऐकायचं ते लिहून. मंद्र, त्यातलं तिसरं गाणं कितीच्या चक्रात आहे ते आम्हा दोघांना मोजता येत नाहीये. नाव तुम्हाला विपूत (विचारपुशीत) पाठवते, ऐकून सांगाल का?